फाडली ती पावतीच

पनवेलच्या एसटी स्टँडबाहेर पडलात की वर बघू नका. कावळ्यांमुळे सांगत नाही. वर फ्लेक्स आहेत. दादांचा वाढदिवस, भाऊंची निवड, साहेबांचं अभिनंदन, आणि जिथे साहेबांचा उजवा कान संपतो तिथून एक ब्लेझर सुरू होतो. ब्लेझरात एक सर आहेत. हाताची घडी, बत्तीशी बाहेर. खाली मजकूर: इंग्रजी येत नाही? प्रॉब्लेम इंग्रजीचा नाही, आत्मविश्वासाचा आहे! ४५ दिवसांत फाडफाड इंग्रजी. पहिला सेमिनार मोफत.

पुन्हा एकदा वाचा. इंग्रजी न येणं हा इंग्रजीचा प्रॉब्लेम नाही. म्हणजे पोट रिकामं असेल तर तो भाकरीचा प्रश्न नव्हे, तृप्तीचा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आमची आजी म्हणायची. पण आजी मोटिव्हेशनल स्पीकर नव्हती, त्यामुळे तिला आडात डोकावून बघायची वाईट सवय होती.

हे फ्लेक्सांचं पीक कशावर आलं ते पनवेलकराला सांगायला नको. विमानतळावर. त्याचं उद्घाटन झालं ८ ऑक्टोबर २०२५ ला, पहिली विमानं उडाली २५ डिसेंबरला. क्लासेस मात्र कितीतरी आधीपासून हवेत होते. त्यांना धावपट्टी लागत नाही. ज्या गावांची घरं आणि शेतं विमानतळाच्या पोटात गेली, तिथल्या पोरांना सांगण्यात आलं की आता नोकऱ्याच नोकऱ्या, फक्त इंग्रजी पाहिजे. फक्त! जसं लग्नाला सगळं तयार आहे, फक्त नवरी पाहिजे.

पनवेल तसं जुनं औषधांचं गाव. धूतपापेश्वरांचा कारखाना इथे १८७२ पासूनचा. त्यांच्या बाटलीवर निदान छापलेलं तरी असतं की आत काय काय आहे, किती आहे, कशाबरोबर घ्यायचं. ह्या नव्या काढ्यावर काय छापलंय? घटकद्रव्य: आत्मविश्वास, शंभर टक्के. मात्रा: रोज एक तास. अनुपान: रोख किंवा दोन हप्त्यांत.

मी त्या मोफत सेमिनारला गेलो होतो. का? फुकट होता, पत्रिकेवर 'वातानुकूलित हॉल' लिहिलं होतं आणि घरी पाहुणे होते. एप्रिलातला रविवार. वातानुकूलन पत्रिकेवरच राहिलं होतं. तरी सरांच्या अंगात ब्लेझर होताच. त्यांच्या कपाळावरून जे वाहत होतं त्याला मी सुरुवातीला तळमळ समजलो.

सरांनी पहिलंच वाक्य टाकलं: "फ्रेंड्स, कॉन्फिडन्ट इज द की ऑफ सक्सेस!" कॉन्फिडन्ट. मला वाटलं, जीभ घसरली असेल. दोन तासांत हा शब्द एकोणीस वेळा आला, मी मोजला, दुसरं काम नव्हतं. आणि एकोणीसच्या एकोणीस वेळा शेवटी 'ट' ठाम उभा होता. एकदाही डगमगला नाही. आत्मविश्वासाचं इंग्रजीवर काय काम होतं ह्याचा इतका स्वच्छ प्रयोग मी कुठल्याही प्रयोगशाळेत बघितला नसता.

मग सगळ्यांना उभं केलं. उजवी मूठ वर. "आय कॅन! आय विल! आय मस्ट!" दीडशे माणसं. त्यात शिवणक्लास चालवणाऱ्या एक ताई, कळंबोलीचे दोन ट्रकवाले, बारावीची पोरं आणि एक आजोबा, जे बहुधा आमच्यासारखेच पाहुण्यांना कंटाळून आले होते. बाहेरच्या रिक्षावाल्यांना वाटलं निवडणूक लागली. काय 'कॅन', काय 'विल', हे कोणीच सांगितलं नाही. तिन्ही सहायक क्रियापदं. मुख्य क्रियापदाचा पत्ता नाही. पुढे काहीच करायचं नसेल तर बरोबरच आहे म्हणा.

मग तो प्रश्न आला. चौथ्या रांगेतला एक पोरगा उठला, उरणच्या बाजूचा, आगरी, खांदे असे की खुर्ची त्याला मुलांची वाटावी. म्हणाला, "सर, ते हॅव बीन कवा लावाचा, तेवरा सांगा ना."

दोन तासांत हॉलमध्ये विचारला गेलेला हा एकमेव शहाणा प्रश्न. सर हसले. मायाळू हसले. आणि म्हणाले, "ग्रामर विसरा! लहान मूल ग्रामर शिकतं का? ऐकतं आणि बोलतं!"

लहान मुलाचा हा दाखला तुम्हीही ऐकला असेल. आता जरा अंकगणित करू. पंचेचाळीस दिवस, रोज एक तास, म्हणजे पंचेचाळीस तास. मूल दिवसाचे बारा तास जागं आहे असं धरलं तर हा त्याचा पावणेचार दिवसांचा खुराक झाला. चार दिवसांचं बाळ काय फाडफाड बोलतं, ते ज्यांच्या घरी नुकतंच झालंय त्यांना विचारा.

पण सरांचं संपलं नव्हतं. त्यांनी पोराला पुढे बोलावलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा प्रयत्न केला, पोचला नाही, दंडावर ठेवला, आणि सभेला म्हणाले, "बघा, टॅलेंट आहे. पण ह्याच्यात कॉन्फिडन्ट नाही. ही आपल्या लोकांची मेन समस्या आहे."

आपल्या लोकांची! कोणाच्या, हो? जानेवारी १९८४ मध्ये जे उरणच्या रस्त्यांवर पोलिसांच्या बंदुकांपुढे सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या भावासाठी उभे राहिले, आणि ज्यांतले पाच जण गोळ्या खाऊन पडले, ते ह्याच पोराचे आजे-चुलते. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील ह्याच पनवेलचे वकील. त्यांचं नाव विमानतळाला द्या म्हणून हजारोंनी सिडकोवर मोर्चा नेला, तोही ह्याच पोरांनी. सरकारच्या छातीला छाती लावणाऱ्या समाजाला एक ब्लेझर सांगतो की तुमच्यात आत्मविश्वास कमी! त्या पोरात काय कमी नव्हतं? कबड्डीच्या मैदानावर तो सात जणांत एकटा घुसतो. समुद्रात होडी घालतो. आणि दीडशे अनोळखी माणसांत उभं राहून 'मला अमुक कळत नाही' असं म्हणतो, जे तुम्ही-आम्ही मेलो तरी म्हणत नाही. त्याच्यात आत्मविश्वास मुबलक होता. त्याला येत नव्हतं ते 'हॅव बीन'.

शिवाय त्याचं स्वतःविषयीचं मत अचूक होतं. आपल्याला इंग्रजी येत नाही असं त्याला वाटत होतं, आणि त्याला खरोखर येत नव्हतं. ह्याला आत्मविश्वासाचा अभाव म्हणत नाहीत. संस्कृतात ह्याला यथार्थ ज्ञान म्हणतात.

सरांच्या स्लाइडवर एका गोऱ्या म्हाताऱ्याचा फोटोही होता. अल्बर्ट बांदुरा. मागच्या रांगेतल्या काकूंना 'बांद्रा' ऐकू आलं आणि त्या बॅग घेऊन निम्म्या उठल्या. "ह्या सायंटिस्टने प्रूव्ह केलंय की बिलीफ वाढला की रिझल्ट वाढतो!" सरांनी हा माणूस वाचला असता तर ब्लेझर उतरवून घरी गेले असते.

बांदुरा हे स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ. १९७७ मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला आणि एक कल्पना रूढ केली, तिला आपण 'क्षमताप्रत्यय' म्हणू. शब्द जड आहे, पण सरांपासून दूर राहायला असे शब्द बरे पडतात. क्षमताप्रत्यय म्हणजे 'मी भारी आहे' ही भावना नव्हे. 'हे अमुक काम, ह्या अमुक परिस्थितीत, मला जमेल' हा अंदाज. कामागणिक वेगळा. होडीचा वेगळा, कबड्डीचा वेगळा, 'हॅव बीन'चा वेगळा. नुसत्या 'कॉन्फिडन्स' ह्या शब्दावर तर बांदुरांचा रागच होता. तो शब्द खात्री किती आहे ते सांगतो, कशाची ते सांगत नाही. आपण नापास होणार ह्याचीही माणसाला पक्की खात्री असू शकते. मला गणितात नेहमी असे.

आता हा प्रत्यय येतो कुठून? बांदुरांनी चार उगम सांगितले. सगळ्यांत बळकट: स्वतः ते काम करून बघणं आणि जमणं. दुसरा: आपल्यासारख्याच कोणाला तरी जमताना बघणं. तिसरा: कोणीतरी 'तुला जमेल रे' म्हणणं. चौथा: शरीराच्या खुणा, म्हणजे धडधड, घाम, कोरडा घसा, आणि त्यांचा आपण लावतो तो अर्थ. तिसरा उगम कच्चा, हे बांदुराच सांगतात. शब्दांनी चढवलेला विश्वास पहिल्या अपयशाला उतरतो. आमच्या सरांनी चार दुकानांतलं नेमकं तेच उचललं, ज्यात माल सर्वांत स्वस्त.

बांदुरांचे गाजलेले प्रयोग सापांवरचे. सापाला जिवाच्या आकांताने घाबरणारी माणसं घ्यायची. आधी दुसऱ्या कोणी साप हाताळताना लांबून बघायचं, मग जवळून, मग हातमोजा घालून स्पर्श, मग उघड्या हाताने, आणि शेवटी मांडीवर साप. भीती जायची. पायरी पायरीने, साप हातात घेऊन जायची. 'मी सापाला भीत नाही' असं वातानुकूलित हॉलमध्ये शंभरदा ओरडून जात असती, तर पावसाळ्यात आमच्या गाढी नदीकाठच्या सोसायट्यांनी सर्पमित्राऐवजी ट्रेनरचाच नंबर लिहून ठेवला असता.

पण 'रिसर्च' म्हणून जे दाखवतात त्याचं काय? तिथेच तर खरी मौज आहे. जगभर, विशेषतः जिथे इंग्रजी परकी आहे तिथे, ह्या विषयाचे अभ्यास ढिगाने होतात. पोरांना प्रश्नावली वाटतात: 'मी इंग्रजीत चांगला निबंध लिहू शकतो', एक ते पाच गुण द्या. मग त्यांचे परीक्षेतले मार्क बघतात. आणि आढळतं काय? ज्यांना येतं त्यांना आपल्याला येतं असं वाटतं! ज्यांना येत नाही त्यांना वाटत नाही! टाळ्या. इथपर्यंत ठीक, संबंध आहे आणि तो खरा आहे. पण संबंध म्हणजे कारण नव्हे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, ह्याला संस्कृतात काकतालीय न्याय म्हणून केव्हाच नाव देऊन ठेवलंय. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे आपल्याला ठाऊक. सरांनी ती म्हण उलटी केली: रात्री दोन वाजता दीडशे माणसांना आरवायला लावायचं आणि सूर्याची वाट बघायची.

आधी काय, नंतर काय, हे तपासायचे मार्ग आहेत. त्याच माणसांचा विश्वास आणि मार्क दोन-दोन वेळा मोजायचे आणि कोण कोणाला ओढतो ते बघायचं. असे अनेक अभ्यास २०१८ मध्ये एकत्र करून तपासले गेले. निष्कर्ष: दोन्ही दिशांनी ओढ आहे, पण कामगिरी विश्वासाला जितकी ओढते, तितका विश्वास कामगिरीला ओढत नाही. म्हणजे बैल पुढे, गाडी मागे. सर गाडीला चारा घालतायत.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने तर १९८६ मध्ये ह्या कामासाठी सरकारी समितीच नेमली होती. लोकांचा स्वाभिमान वाढवा, मग गुन्हे, व्यसनं, नापास होणं, सगळं आपोआप कमी होईल. अहवाल आला १९९० मध्ये. पुढे रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ह्या विषयाचं सगळं वाङ्मय चाळलं आणि सांगितलं की स्वतःविषयी छान वाटल्याने अभ्यासात प्रगती होते असा पुरावा मिळत नाही; उलट चांगल्या मार्कांमुळेच थोडंफार छान वाटतं. आणखी एक गंमत. गणिताच्या आंतरराष्ट्रीय परीक्षांत जपान-कोरियाची मुलं वर असतात, आणि 'मला गणित येतं' ह्या विश्वासात मात्र खाली. त्यांना कोणी सेमिनारला नेलेलं दिसत नाही.

आणि १९९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डनिंग आणि क्रूगर ह्या जोडीने काही चाचण्या घेतल्या. विनोद, तर्क आणि, कान द्या, इंग्रजी व्याकरण. तळातल्या गटाचं खरं स्थान शंभरात बारावं, म्हणजे त्यांच्या खाली जेमतेम बारा. त्यांनी स्वतःला कुठे बसवलं? बासष्टाव्यावर. ह्या निष्कर्षाच्या संख्याशास्त्रावर पंडितांत पुढे बरीच हमरीतुमरी झाली, ती त्यांनी करावी. मला फक्त एवढंच आठवलं की एकोणीस वेळा 'ट'.

तुम्ही म्हणाल, बुवा, तुम्हाला कुठून एवढं इंग्रजी आलं? सांगतो, ह्यात माझी फजिती आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

मी मराठी शाळेतला, पाचवीपासून इंग्रजी शिकलेला. कॉलेजात आम्हाला 'व्हर्नॅक' म्हणत. ज्यांना शिवीचं मूळ लॅटिनमध्ये असल्याचा अभिमान वाटतो अशा लोकांचा तो शब्द. नोकरी लागली तळोज्याच्या एका कारखान्यात, स्टोअर्सात. पहिल्याच आठवड्यात साहेब म्हणाले, चेन्नईला फोन लाव, गॅस्केटं मागव. समोरच्याला मराठी येत नाही, मला तमिळ येत नाही, हिंदीत दोघं सारखेच कच्चे. उरलं काय? मी कागदावर अख्खं संभाषण लिहून काढलं. गुड मॉर्निंग सर, आय ॲम स्पीकिंग फ्रॉम तळोजा. रिसीव्हरला तळहाताचा घाम. समोरच्याने कागदाबाहेरचं काही विचारलं की मी म्हणायचो 'यस सर'. त्या एका 'यस सर'वर मी चाळीस गॅस्केटांच्या जागी चौदा मागवली. मी म्हणालो 'फॉर्टी', त्याने ऐकलं 'फोर्टीन', त्याने उलट विचारलं, मी म्हणालो 'यस सर'. पंप तीन दिवस बंद. साहेबांनी जी भाषा वापरली ती मात्र अस्सल मातृभाषा होती.

पुढच्या फोनला मी 'फॉर्टी' म्हणून लगेच 'फोर झीरो' म्हणालो. चाळीस आली. साहेब, त्या चाळीस गॅस्केटांनी मला जे दिलं ते कुठल्याच ब्लेझराने दिलं नसतं! सातव्या फोनला कागद ड्रॉवरमध्ये राहिला. आमच्याच खात्यात पेणचा एक जण होता, माझ्याच इयत्तेचा माल. तो जर्मन इंजिनिअरबरोबर मोडकंतोडकं बोलायचा आणि मरायचा नाही. ते बघून वाटलं, हा मरत नाही तर मी का मरीन? आणि वर्षभराने मी त्या चेन्नईवाल्याशी क्रेडिट नोटवरून वीस मिनिटं भांडलो. भांडण जिंकलो की नाही ते विसरलो. पण ज्या भाषेत भांडता येतं ती भाषा आपली झाली, असं मी तेव्हापासून धरून चालतो. बांदुरांचं नाव मला तेव्हा ठाऊक नव्हतं; त्यांनाही माझं नसावं.

आता चतुर वाचक मानगूट पकडणार: मग विश्वासाला काहीच किंमत नाही का? आहे की. सातव्या फोनला कागद ड्रॉवरमध्ये ठेवायला तो लागतोच. दोघांना सारखंच इंग्रजी येत असेल तर ज्याला 'जमेल' वाटतं तो तोंड उघडतो, चुकतो, पुन्हा उघडतो. दुसरा मुकाट बसतो आणि वर्षाने मागे पडतो. इतकं काम विश्वास करतो, आणि ते लहान काम नाही. पण तो व्याज आहे. मुद्दल ठेवल्याशिवाय व्याज देणारी योजना पनवेलमध्ये कोणी काढली की तिचं पुढे काय होतं, ते ठेवीदारांना विचारा.

आणि हा विश्वास मारतं कोण? आपणच. सातवीत मी 'आयलँड' हा शब्द 'इस्लँड' असा वाचला. स्पेलिंगमध्ये 'एस' आहे, मी तो उच्चारला. ह्यात माझा गुन्हा काय? गुन्हा इंग्रजांचा. पण गुरुजींनी मला उभंच ठेवलं, आणि वर्ग हसला, आणि गुरुजींनी हसू दिलं. पुढची तीन वर्षं मी इंग्रजीच्या तासाला मनातल्या मनात आधी मोजून ठेवायचो की माझ्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार. हा धंदा आजही जोरात आहे. घरी पाहुण्यांसमोर पोराला 'इंग्लिश पोएम म्हणून दाखव' म्हणणारे, आणि तोच पोरगा मोठेपणी चुकला की ओठ दाबून हसणारे, आपणच. आधी पाय मोडायचा, मग कुबडी विकणाऱ्याचा फ्लेक्स वाचायचा.

सरकारचा उपाय नेहमीचा: लवकर सुरू करा. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. हेतू चांगला होता. पण ज्या गुरुजींना स्वतःला इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची वेळ कधी आली नाही, त्यांच्या हाती पाचवीच्या जागी पहिलीची पोरं दिली, तर काय चार वर्षं आधी शिकलं जाणार? भीती. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या २८ जिल्ह्यांतली चौदा ते अठरा वयाची पोरं तपासली. इंग्रजी वाक्यं वाचता आली ५७.३ टक्क्यांना, आणि त्या वाचणाऱ्यांतल्याही साधारण पाऊण जणांनाच त्यांचा अर्थ सांगता आला. उरलेल्यांना 'आय कॅन' म्हणायला लावा. म्हणतील बिचारी. अर्थ विचारू नका म्हणजे झालं.

इंग्रजीला 'वाघिणीचं दूध' म्हटल्याचं श्रेय विष्णुशास्त्री चिपळूणकरांना देतात. मराठीचा एवढा कडवा अभिमानी, पण १८८० मध्ये पुण्यात शाळा काढली ती 'न्यू इंग्लिश स्कूल'. त्या पिढीला एक गोष्ट कळली होती: वाघिणीचं दूध काढायचं तर वाघिणीजवळ जावं लागतं. ती पिढी पुस्तकं घेऊन बसली, वाक्यामागून वाक्य, चुकत, खोडत. आता तेच दूध पावडर करून मिळतं. कोमट पाण्यात ढवळा आणि डरकाळी फोडा.

आणि 'अलिबागहून आलायस का' म्हणून ज्यांना हसायची सवय आहे (२०१९ मध्ये ह्या वाक्प्रचारावर बंदी मागायला एक जण उच्च न्यायालयात गेला होता, न्यायालयाने याचिका फेटाळली), त्यांनी अलिबागमध्ये राहिलेल्या एका मुलीची गोष्ट आठवावी. आनंदीबाई जोशी. नवरे गोपाळराव, त्यांची पोस्टातली नोकरी, कल्याणहून अलिबाग, तिथून कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता. गोपाळरावांची शिकवण्याची पद्धत आज पोलिसात तक्रार द्यावी अशी होती. तिचं समर्थन मी करणार नाही. पण १८८० पासून तिने न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंना पत्रं लिहिली. इंग्रजीत. एक नव्हे, दोन नव्हे, तीन वर्षं. लिहायचं, उत्तर यायचं, म्हणजे आपलं समजलं, म्हणजे पुढचं लिहायचं. एका पत्राचा जबाब यायला महिने. आणि २४ फेब्रुवारी १८८३ ला, अठरा पुरी व्हायला महिना बाकी असताना, कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरच्या कॉलेजात भरसभेत ती इंग्रजीतून बोलली: मी अमेरिकेला का जाते. १८८६ मध्ये फिलाडेल्फियातून डॉक्टर झाली. त्या सभेत तिच्याकडे जो आत्मविश्वास होता तो तिने कुठून आणला? टपालाने.

पण टपालाचं फ्लेक्सवर काय छापणार? 'तीन वर्षं, रोज थोडं, चुकत चुकत, कदाचित जमेल' ह्याला कोण बारा हजार देईल? आत्मविश्वास विकण्यात सोय मोठी आहे. इंग्रजी शिकवलं आणि आलं नाही तर गिऱ्हाईक विचारतं, का आलं नाही? आत्मविश्वास विकला आणि इंग्रजी आलं नाही, तर दोष कोणाचा? तुमचाच, तुम्ही मनापासून विश्वास ठेवला नाहीत! ॲडव्हान्स बॅच घ्या. बुवाबाजीत ह्याला 'तुझी श्रद्धा कमी पडली' म्हणतात. तिथे निदान अंगारा तरी हातात मिळतो.

सेमिनार संपला तसा दाराशी टेबल होतं. पावत्या खरोखरच फाडफाड फाटत होत्या. शिवणक्लासवाल्या ताईंनी पाचशे टोकन भरले. आजोबांनी वडापावची चौकशी केली.

तो पोरगा मला स्टँडवर पुन्हा भेटला, उरणच्या गाडीची वाट बघताना. त्याने पैसे भरले नव्हते. "काका, तो मना बोलला कॉन्फिडन्ट नाय. मंग मी इचारला कसा?" मी म्हटलं, चहा घे. क्लासच्या पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, ब्लेझरच्या पाठीवर म्हणा, मी एक रेघ ओढली. रेघेच्या एका टोकाला लिहिलं 'दोन वाजता', दुसऱ्या टोकाला 'आत्ता'. काम तेव्हा सुरू झालं आणि अजून चालूच आहे, की लाव 'हॅव बीन'. दोन वाजल्यापासून आपण काय करतोय?

"गारीची वाट बघतोय."

कर इंग्रजी. त्याने केलं. 'सिन्स'च्या जागी 'फ्रॉम' घातलं, मी खोडलं, त्याने पुन्हा केलं. मग किती मिनिटं ते घालून केलं. तिथे 'फॉर' येतो हे त्याला तिसऱ्या वाक्याला आपणहून कळलं, आणि त्याच्या तोंडावर जे आलं ते मी त्या हॉलमध्ये दीडशे मुठींत एकदाही पाहिलं नव्हतं. चौथं वाक्य त्याने मला विचारलंच नाही. सरळ उठला, चौकशीच्या खिडकीपाशी गेला आणि निव्वळ मस्ती म्हणून आत बोलला, "सर, वी हॅव बीन वेटिंग फॉर फॉर्टी मिनिट्स."

आतल्या बाबूने रजिस्टरातून डोकं काढलं नाही. "फोर्टीन ना? चौदा मिनिटांत कोण मरत नाय."

पोराने माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीच्या गजातून चार बोटं आत घातली.

"नो सर. फोर झीरो."